शेतकऱ्याच्या हातात सत्ता आली तेव्हा

‘शेतकऱ्याचं पोर सत्तेत बसल्याशिवाय शेतीचं भलं होणार नाही’ हे आपल्याकडे पारावरही ऐकू येतं आणि विधानसभेतही. हे म्हणणं तपासून पाहायचं तर न्यूझीलंडच्या इतिहासाकडे वळावं. मळणीयंत्र घेऊन शेतोशेती हिंडलेला विल्यम फर्ग्युसन मॅसी १९१२ साली तिथे पंतप्रधान झाला आणि १० मे १९२५ रोजी मरेपर्यंत त्या पदावर राहिला. पावणेतेरा वर्षं शेतकऱ्याच्याच हाती राज्य. त्यातून काय झालं?

या माणसाबद्दल वाचताना माझ्या मनात दोन आवाज भांडत राहतात आणि दोघांनाही बाजूला सारता येत नाही. ते समोरासमोर यावेत म्हणून हा संवाद लिहिला आहे. यातले काका निफाडकडचे, कांदा-द्राक्षाचे शेतकरी, १९८०च्या शेतकरी आंदोलनात लाठ्या खाल्लेले. पुतणी महाविद्यालयात इतिहास शिकवते.

काका : तू काहीही म्हण पोरी, मला हा माणूस आपल्यातला वाटतो. आयर्लंडातल्या लिमावाडीत १८५६ साली छोट्या शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आईबाप आधी न्यूझीलंडला गेले, हा शाळेसाठी मागे राहिला आणि १८७० साली, चौदाव्या वर्षी बोटीतून तिथे उतरला. काही काळ बापाच्या हाताखाली, मग दक्षिणेत लाँगबीचच्या अवाढव्य शेतावर मजुरी. १८७७च्या सुमारास ऑकलंडजवळ मांगेरेला स्वतःची शेती केली. जोडीला मळणीयंत्र घेतलं आणि लोकांची मळणी करून द्यायला लागला. मळणीवाल्याला सगळं ठाऊक असतं बघ. कुणाच्या खळ्यावर किती पोती निघाली, त्यातली किती सावकाराच्या घरी जाणार. राजकारण शिकायला याहून चांगली जागा नाही.

पुतणी : आणि ती तारेची गोष्ट?

काका : ती तर सांगणारच. १८९३ला एकदा पडला होता. पुढच्या वर्षी वाइटेमाटाची पोटनिवडणूक लागली. हा गवताच्या गंजीवर चढून गंजी रचत होता. ‘उभे राहा’ म्हणून तार आली, तर खालच्या माणसाने ती गवत उचलायच्या काट्याला खोचून वर दिली. याने गंजीवरच वाचली, उभा राहिला आणि निवडून आला. पण एकदम आभाळातून पडला नव्हता तो. आधी शाळा समिती, रस्ते मंडळ, मग ऑकलंडच्या कृषी आणि पशुपालन संस्थेचं अध्यक्षपद. पायरीपायरीने वर गेलेला माणूस.

पुतणी : त्या गोष्टीने त्याला जन्मभर मतं मिळवून दिली. पण त्या गोष्टीत काही माणसं दिसतच नाहीत. मांगेरेची जमीन त्याच्याआधी कोण कसत होतं? तिथले मूळ रहिवासी, माओरी. १८४०-५०च्या काळात ऑकलंड शहराला गहू, बटाटे, फळं तेच पुरवत होते. माओरींचा पहिला राजा पोताताऊ ते फेरोफेरो मांगेरेलाच राहायचा. १८६३च्या जुलैत गव्हर्नर ग्रे यांनी हुकूम काढला की राणीशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर वायकाटोकडे चालते व्हा. बहुतेकांनी वायकाटोतल्या नातेवाइकांवर हत्यार उचलण्यापेक्षा गाव सोडलं. मागे राहिलेली घरं आणि गुरं लुटली गेली. त्याच वर्षी कायदा झाला आणि जमिनी जप्त झाल्या. मांगेरेला लागून असलेलं इहुमाताओ त्याच दशकात एका गोऱ्या शेतकरी कुटुंबाकडे गेलं. नंतर काही वर्षांनी तुमचा मळणीवाला तिथे आला.

काका : जप्ती त्याने केली होती का? तेव्हा तो आयर्लंडात सात वर्षांचं पोर होता.

पुतणी : म्हणून १८६३चा हिशेब मी त्याच्याकडे मागत नाही, १९१३चा मागते. सत्तेत आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्याच्या सरकारने माओरी जमिनीचा कायदा असा बदलला की ती विकत घेणं आणखी सोपं झालं. उत्तर बेट सुमारे २ कोटी ८० लाख एकरांचं. १९२०च्या सुमारास माओरींच्या हाती त्यातले ५० लाख एकरही उरले नव्हते. ज्याला स्वतःच्या जमिनीची किंमत इतकी कळत होती, त्याला दुसऱ्याची जमीन मात्र ‘पडून राहिलेली’ दिसत होती.

काका : थांब, जमिनीच्या किमतीचं तूच काढलंस ते बरं झालं. त्याच्या आधी वीसेक वर्षं उदारमतवादी पक्षाचं राज्य होतं. त्यांनी काय केलं? मोठमोठी कुरणं विकत घेऊन तुकडे पाडले आणि लहान शेतकऱ्याला दिले. चांगलं केलं. पण मालकी दिली नाही, ९९९ वर्षांचा पट्टा दिला. पुढे १९०७मध्ये तो बंद करून ६६ वर्षांचा पट्टा आणला, मुदत संपली की जमिनीची नव्याने किंमत ठरवून खंड वाढवायचा. आता तू सांग, रान तोडायचं आम्ही, बुंधे उपटायचे आम्ही, गवत पेरायचं आम्ही, आणि जमिनीची किंमत वाढली की खंडही आम्हीच वाढवून द्यायचा? मॅसी म्हणाला, जमीन शेतकऱ्याच्या नावावर करा. १९१२ला सत्तेत आल्याबरोबर कायदा केला. पट्टेदाराने मूळ किंमत भरायची आणि मालक व्हायचं. माझ्या आजोबांच्या नावाचा सातबारा कुळकायद्याने झाला. १ एप्रिल १९५७चा कृषकदिन आमच्या घरात सणासारखा साजरा व्हायचा. नावावर जमीन होणं म्हणजे काय, ते पुस्तकात वाचून कळत नाही.

पुतणी : ते मला घरातूनच कळलंय काका. पण म्हणूनच ही तुलना जुळत नाही. कुळकायद्याने जमीन न कसणाऱ्याकडून कसणाऱ्याकडे गेली. तिथे कसणाऱ्याला आधी हाकललं, मग सरकार मालक झालं आणि शेवटी सरकारने ती दुसऱ्या कसणाऱ्याला दिली. शिवाय मूळ किमतीत, म्हणजे मधल्या वर्षांत वाढलेली सगळी किंमत पट्टेदाराला फुकट मिळाली. बुंधे उपटल्याने किंमत वाढली हे खरं. पण ती रेल्वेनेही वाढली, बंदरांनी वाढली, १८८२ला बर्फात जपलेलं मांस घेऊन पहिलं जहाज लंडनला गेलं त्याने तर फारच वाढली. ही बंदरं आणि हे रूळ ज्या मजुरांनी बांधले त्यांच्या वाट्याला त्या वाढीतलं काय आलं?

काका : मजुरांचं काढलंस म्हणजे आता तू १९१३च्या संपावर येणार.

पुतणी : येणारच. आधी १९१२चं वाइही. सोन्याच्या खाणीतला संप. मॅसीच्या सरकारने पोलिस पाठवले आणि नोव्हेंबरात फ्रेड इव्हान्स नावाचा संपकरी मारहाणीत मेला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात वेलिंग्टनच्या गोदीत संप झाला, तो बंदराबंदरांत पसरला. सरकारने गावोगावच्या शेतकऱ्यांना बोलावलं. ते आपल्या घोड्यांवरून शहरात आले, सरकारने त्यांना खास शिपाई करून हातात लांब दंडुके दिले. कामगारांनी त्यांना ‘मॅसीचे कझाक’ म्हटलं, ते नाव आजही टिकून आहे.

काका : महिना बघितलास का? ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे त्यांचा वसंत. गाई भरात आलेल्या, लोणी आणि चीज कारखान्यांत साठत चाललेलं, गिऱ्हाईक तिकडे लंडनला, आणि धक्क्यावर काम बंद. गाय काही संपावर जात नाही. सकाळ-संध्याकाळ ती पिळावीच लागते. दुधाचा टँकर रस्त्यात अडला की काय होतं ते मला विचार. कष्टाचं लोणी डोळ्यांदेखत खराब होताना बघायचं, आणि तुझं म्हणणं त्या शेतकऱ्याने घरी बसून राहायचं?

पुतणी : लोणी जहाजावर चढायला हवं होतं, हे मान्य. पण ५ नोव्हेंबरला वेलिंग्टनच्या फेदरस्टन रस्त्यावर जी मोठी चकमक झाली, तेव्हा हे घोडेस्वार धक्क्यावर काय पोचवत होते ठाऊक आहे? शर्यतीचे घोडे. क्राइस्टचर्चला शर्यती होत्या. लोण्याचं निमित्त होतं, खरा प्रश्न वेगळाच होता. गोदीकामगारांच्या लढाऊ संघटना मोडायच्या होत्या आणि त्या मोडल्या. आता एक विचारते, रागावू नका. १९८०ला तुम्ही रस्त्यावर बसलात तेव्हा लोकांचा माल अडला नव्हता का?

काका : अडला होता. भाव मिळावा म्हणूनच अडवला होता. दुसरा काही मार्गच ठेवला नव्हता आम्हाला.

पुतणी : गोदीकामगारही हेच म्हणत होते. तुम्ही लाठी खाल्लीत, मॅसीच्या शेतकऱ्याने ती चालवली. दोघेही शेतकरी, पण तुमची जागा त्या दिवशी त्याच्या समोर होती.

काका : हं. हे मला टोचतंय, नाही म्हणत नाही. आम्हाला मारायला आलेले शिपाईसुद्धा कुणब्यांचीच पोरं होती. पण म्हणून मॅसीचं सगळं पाण्यात घालशील तर मी ऐकणार नाही. त्याने १९२२ला जे केलं, ते आपल्याकडे अजून धड झालेलं नाही.

पुतणी : निर्यात मंडळं ना? ते तुम्हीच सांगा. तिथे मी तुमच्याच बाजूला आहे.

काका : पहिल्या महायुद्धात त्यांचं मांस, लोकर, लोणी सगळं ब्रिटन सरकार ठरलेल्या भावाने उचलायचं. १९२०ला ती खरेदी थांबली आणि १९२१ला भाव कोसळले. माल परक्याच्या गोदामात, जहाज परक्याचं, भाडं तो ठरवणार, भावही तोच ठरवणार. आपल्या कांद्यासारखंच. मॅसीने ठरवलं की शेतकरी एकेकटा गेला तर लुटला जातो. १९२२ला मांस उत्पादकांचं मंडळ केलं, १९२३ला दुधाच्या मालाच्या निर्यातीसाठी कायदा केला. मंडळावर उत्पादकांचे प्रतिनिधी. निर्यातीवर थोडी पट्टी घ्यायची, त्यातून खर्च भागवायचा. सगळ्यांच्या मालाची प्रत ठरवायची, जहाज कंपनीशी सगळ्यांच्या वतीने भाड्याची घासाघीस करायची, बाजारात माल एकदम ओतायचा नाही. जन्मभर खासगी मालकीच्या बाजूने बोललेला माणूस हे करतो, कारण खळ्यावरचा तोटा त्याने जवळून बघितलाय. शहरातल्या वकिलाला हे सुचलं असतं का?

पुतणी : इतक्या लवकर सुचलं नसतं. सत्तेत शेतकरी असण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. घसरणीचा घाव कुठे बसतो हे त्याला अहवालाशिवाय कळलं. पण याच काळातली दुसरी एक बाजूही बघा. १९१५पासून युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शेती द्यायची योजना त्याच्या सरकारने चालवली. ११ लाख वस्तीच्या देशातून लाखभर तरुण समुद्रापार लढायला गेले होते, त्यांचं देणं होतंच. पण जमिनी घेतल्या त्या तेजीच्या भावाने, सैनिकांनी कर्ज काढलं तेही त्याच भावाने, आणि दोनेक वर्षांत बाजार बसला. वांगानुई नदीच्या खोऱ्यात मांगापुरुआ नावाची दरी आहे. उभा चढ, घनदाट रान, रस्ता नाही. तिथे या सैनिकांना वसवलं. त्यांनी रान जाळून गवत पेरलं, पावसाने मातीच वाहून नेली. १९३६ला एकदाचा सिमेंटचा पूल झाला, पण तोवर बहुतेक कुटुंबं निघून गेली होती. १९४२ला उरलेल्यांनाही सरकारने रस्ता नाकारला आणि दरी ओस पडली. पूल अजून आहे, त्याला ‘कुठेच न जाणारा पूल’ म्हणतात.

काका : नावावर जमीन आली, तिच्या मागोमाग कर्ज आलं. हे मात्र मला कुणी शिकवायला नको.

पुतणी : मालकीच्या आश्वासनाने शेतकरी जिंकता येतो, पण मालकी त्याला भावाच्या घसरणीपासून वाचवत नाही. जमिनीचे भाव चढते ठेवणं हेच शेतकऱ्याचं हित असं मॅसीच्या पक्षाने मानलं. चढत्या भावाचा फायदा विकणाऱ्याला होतो. नव्याने शेती धरणाऱ्याच्या मानेवर ते भाव बसतात.

काका : तुझ्या यादीत आणखी काय आहे?

पुतणी : आपलीच माणसं आहेत. १९२०ला त्याच्या सरकारने परदेशी माणसांच्या प्रवेशाचा कायदा बदलला. ब्रिटिश वंशाचा नसलेल्या प्रत्येकाने आधी परवाना मागायचा आणि तो द्यायचा की नाही हे मंत्री ठरवणार. हिंदुस्थानी माणूस ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन, पण या कायद्यापुरता तो ‘ब्रिटिश’ नव्हता. महायुद्धात खंदकात त्याला शेजारी उभं केलं, नंतर बंदरावर अडवलं. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष, गोखल्यांच्या जागी बसलेले श्रीनिवास शास्त्री १९२२ला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा असे फिरले, ते साम्राज्यातल्या हिंदुस्थान्यांना बरोबरीचे हक्क मागायलाच. न्यूझीलंडात तेव्हा आलेले बरेचसे गुजरातेतले आणि पंजाबातले शेतकरीच होते काका. कुणी भाजी विकायचा, कुणी झुडपं तोडायचा. शेतकऱ्याच्या सरकारने दार लावलं ते शेतकऱ्याच्याच तोंडावर.

काका : त्या काळात सगळेच गोरे तसे होते.

पुतणी : सगळे नव्हते, पण बरेचसे होते आणि विरोधी पक्षही यात फार मागे नव्हते. मी त्याला एकट्याला राक्षस ठरवत नाही. पण बघा, कुरणांना खत हवं म्हणून त्याने नाउरू बेटाच्या फॉस्फेटमध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाबरोबर न्यूझीलंडचा वाटा मिळवला, १६ टक्के. १९१९ला व्हर्सायच्या तहावर त्याने सही केली आणि पश्चिम सामोआचा कारभारही न्यूझीलंडकडे आला. तिथे वर्षभर आधी न्यूझीलंडच्याच लष्करी अमलात ऑकलंडहून आलेलं जहाज तपासणीशिवाय धक्क्याला लागू दिलं होतं आणि इन्फ्लुएन्झाने सुमारे साडेआठ हजार माणसं, म्हणजे पाचातलं एक, मेली होती. ज्या नाउरूची माती उचलून आपलं गवत हिरवं केलं, तिथल्या लोकांनाही तीच जमीन आपली वाटते, हे त्या शेतकऱ्याच्या मनात कधी आलं नाही.

काका : तुझं ऐकून वाटतं शेतकऱ्याने राजकारणात जाऊच नये.

पुतणी : उलट, जावं. पण शेतकरी म्हणजे कोण, हे जाताना ठरवून जावं. मॅसीने ते फार आखूड ठरवलं, ज्याच्या नावावर जमीन आहे तोच शेतकरी. आणि त्याला मदत करणारी एक सोयही होती. तिथे १८८९पासून ग्रामीण मतदारसंघ आखताना लोकसंख्या २८ टक्क्यांनी वाढवून धरत. गावाकडच्या मताचं वजन शहरातल्या मतापेक्षा जास्त. त्यामुळे शहरातल्या कामगाराला सोबत घेण्याची गरजच वाटली नाही, घोडे पाठवून भागलं.

काका : बरं, आखूड ठरवलं. पण त्यात शेतकऱ्याचं नुकसान काय झालं? त्याच्या माणसांना तर मिळालं.

पुतणी : नुकसान झालं. तुम्ही आयुष्यभर काय मागितलंत? हमीभाव. न्यूझीलंडच्या दूध उत्पादकाला लोणी-चीजचा हमीभाव १९३६ला मिळाला. कुणी दिला? मॅसीच्या पक्षाने नाही. मायकेल सॅव्हेजच्या कामगार पक्षाने. म्हणजे १९१३ला ज्यांच्यावर दंडुके पडले त्याच चळवळीतून वर आलेल्या माणसांनी. महामंदीत दुधाचे भाव पडले, कर्जं डोईजड झाली, तेव्हा कामगार पक्ष खेड्यांत गेला. त्यांनी सांगितलं की तुमचा भाव आणि आमची मजुरी एकाच बाजाराने पाडली आहे. १९३५ला शेतकऱ्यांची बरीच मतं त्यांच्याकडे वळली आणि सत्ता मिळाल्यावर त्यांनी शब्द पाळला. १९१३ आणि १९३६मध्ये २३ वर्षं आहेत. दोघे एकमेकांचे वैरी नसते, तर हे थोडं आधी झालं नसतं का?

काका : हमीभाव कामगारांच्या सरकारने दिला? हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुतणी : आणि त्याच पक्षाने १९४५ला ती २८ टक्क्यांची सवलत काढली, हेही सांगायला हवं. सगळं गोड नव्हतं.

काका : ते असू दे. माझं म्हणणं मी सोडत नाही. मॅसी नसता तर निर्यातीची मंडळं झाली नसती आणि सॅव्हेजला हमीभाव द्यायला हाताशी काही यंत्रणाच नसती. पाया शेतकऱ्यानेच घातला.

पुतणी : हे बरोबर आहे, मी ते लिहून घेते. पण तुम्हीही एक कबूल करा. आपल्या बागेत छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात. तीही शेतकरीच आहेत. डोंगरात कसतात ती वनजमीन त्यांच्या नावावर नाही, म्हणून ती इथे मजूर ठरतात. २०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी मोर्चा गेला, त्यात बहुसंख्य हीच माणसं होती. कर्जमाफी आणि पिकाचा भाव या तुमच्या मागण्या त्यांनी स्वतःच्या वनहक्काच्या मागणीशेजारी ठेवल्या होत्या.

काका : आमची मागणी त्यांनी घेतली. त्यांची आम्ही कधी घेतली, असंच विचारायचंय ना तुला?

पुतणी : हो.

काका : घेतली नाही. उलट मजुरी वाढवून मागितली की आम्ही बागायतदार एका रात्रीत एक होतो आणि दर बांधून टाकतो. मॅसीला बोल लावताना हे मलाही मानायला हवं. पण तू वर्गात मुलांना शिकवशील तेव्हा त्याचं मळणीयंत्रही सांग. नुसते घोडे आणि दंडुके सांगितलेस तर पोरं म्हणतील, शेतकरी सत्तेत गेला की असाच होतो. तसं नाही.

या संवादात मी कुणाला जिंकवलेलं नाही, तरी माझं मत मांडायला हवं. मॅसीच्या नावाने पामर्स्टन नॉर्थला शेतीचं महाविद्यालय निघालं, आज ते विद्यापीठ आहे, आणि ते नाव बदलावं अशी मागणीही तिथे झाली आहे. नाव राहो की जावो, आपल्याला त्याच्याकडून दोन्ही गोष्टी घेता येतात. भावाच्या घसरणीत एकटा शेतकरी टिकत नाही, त्याच्या मालाचा सौदा त्याच्याच संघटनेने करावा, ही त्याची कमाई. आणि जमीन गमावलेला, जमीन नसलेला, समुद्रापलीकडून आलेला कष्टकरी त्याने आपला मानला नाही, ही त्याची हार. तिची किंमत माओरींनी, मजुरांनी आणि परदेशी माणसांनी भरलीच, पण त्याच्या स्वतःच्या शेतकऱ्यालाही हमीभावासाठी आणखी दशकभर थांबून ती भरावी लागली. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या नावाने मतं मागणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारायला हवा : तुमच्या जाहीरनाम्यात ऊस तोडणारी, द्राक्षं विरळणारी आणि वनजमीन कसणारी माणसं कोणत्या पानावर आहेत?